सील न तुटलेला खोका

मी, सुमेधा जितेंद्र चुरी, वय एकाहत्तर, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

१. आचोळ्याचा राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने मुलगा आयुष याला द्यावेत. फ्लॅट विकून त्याला चंदनसारला मोठा घ्यायचा आहे, तर घ्यावा. देव्हारा मात्र माळ्यावर टाकू नये.

२. वसई पूर्वेचा गाळा आणि त्यातले पत्र्याचे पार्ट ठोकणारे दोन्ही प्रेस पॉलिनला द्यावेत. तपासणीच्या टेबलावर ती जन्मभर माझ्या शेजारी बसली. आयुषने हरकत घेऊ नये. प्रेसच्या आवाजाने त्याचं लहानपणापासून डोकं दुखतं, तेव्हा मी त्याची सोयच करत आहे. माझे दीर बाबूराव यांना गाळ्यातला खिळासुद्धा मिळू नये. "बायकांच्या हाताने कधी गाडी बनते का?" असं ते भर पंगतीत म्हणाले होते. आमचा पार्ट परदेशी गाडीला लागला तेव्हा पेढे मात्र त्यांनी मागून घेतले.

३. माझ्या यजमानांच्या कानशी आणि छिन्न्या आयुषला. तुला त्या वापरता येणार नाहीत, तरी ठेव. लाकडी मुठी तुझ्या बाबांच्या हाताने झिजल्या आहेत.

४. ब्रॅकेटची डाय, म्हणजे प्रेसमधला पोलादी साचा, मला कोणालाही देता येत नाही. ती यजमानांनी घडवली, पण तिच्यावर आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या नावाची पट्टी ठोकलेली होती, म्हणून कायद्याने ती कंपनीची.

हे नीट कळावं म्हणून थोडं लिहिते. सुरुवातीला आम्ही गॅरेजवाल्यांना वॉशर पुरवायचो. मग एका मोठ्या कारखान्याचं उरलंसुरलं काम मिळू लागलं. माझी मुलगी क्षितिजा इंजिनियर झाली आणि चांगली नोकरी सोडून गाळ्यात आली. म्हणाली, "आई, ड्रॉइंग आलं की ठोकत बसायचं, असं किती दिवस? चुकतंय कुठे, ते आपणच सांगू ना त्यांना!" तिने गाळ्याला शिस्त लावली, दर्जाचं सर्टिफिकेट मिळवलं, आणि परदेशी गाड्यांना माल देणारी कंपनी थेट आमच्याकडून घेऊ लागली. त्यांच्या ब्रॅकेटला, म्हणजे गाडीतले भाग पेलणाऱ्या वाकवलेल्या पत्र्याला, कोपऱ्यात तडा जायचा. क्षितिजाने तो कोपरा गोल करून दाखवला. कंपनीने मान्य केलं. ड्रॉइंगवर तिचं नाव आलं नाही, पण त्या दिवशी ती गाळ्यात नाचली होती. तिचा दिवस होता तो.

५. आता खोका. कंपनीने कारखाना गुजरातेत हलवला. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हाच मागवायचा, हा त्यांचा नियम. उशीर झाला की त्यांची जुळणीची लाइन थांबते आणि पुरवठादाराचं काम जातं. एकदा ऐन वेळी टेम्पो बंद पडला. क्षितिजाने ब्रॅकेटचा सीलबंद खोका स्वतःच्या गाडीत टाकला. हायवेवर मनोरच्या पुढे कंटेनरने ठोकरलं. माझी पोर तिथेच गेली.

मी पोलीस चौकीच्या अंगणात उभी असताना कंपनीच्या खरेदी विभागाच्या मितेशसाहेबांचा फोन आला. मी सांगितलं, क्षितिजा गेली. ते म्हणाले, "अरेरे! व्हेरी सॉरी, मॅडम." आणि पुढे, "मॅडम, खोक्याचं सील शाबूत आहे ना? इथे लाइन थांबलीय."

आणि मी पाहून आले. सगळा जन्म तपासणीत गेला, पाय आपोआप वळले. अंगणातच ओढून आणलेल्या तिच्या गाडीच्या चेपलेल्या दारातून हात घालून मी सील चाचपलं आणि सांगितलं, "शाबूत आहे." त्या बोटांचा मला अजून राग येतो.

तिचं दिवसकार्य उरकायच्या आत डाय न्यायला ट्रक आला. डाय नेली. आज ती दुसऱ्याच्या प्रेसमध्ये माझ्या लेकीचा गोल कोपरा काढते आहे. खोका मात्र मी दिला नाही. तो माझ्या पलंगाखाली आहे.

हा खोका मी मितेशसाहेबांना देते. अट अशी: त्यांनी स्वतः गाळ्यात यावं, क्षितिजाच्या फोटोसमोर बसून पॉलिनच्या हातचा चहा घ्यावा, आणि ती कोण होती, हे विचारावं. पॉलिन सांगेल ते मधेच न उठता ऐकावं. मग सील तपासून खोका न्यावा.

पॉलिनला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाय, ती मोठी माणसं. त्यांना कुठला वेळ?"

तर मग पॉलिन, माझ्या वर्षश्राद्धापर्यंत वाट पाहा. तोवर कोणी आलं नाही, तर सील तू फोड. एकेक ब्रॅकेट हातात घे आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरव, आपण तपासताना फिरवायचो तसा. मला ते कधी झालं नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पॉलिनने करावी. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण: आचोळे, तालुका वसई, जिल्हा पालघर
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५

सही: सुमेधा जितेंद्र चुरी

आम्हा दोघींच्या समोर सुमेधाताईंनी सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. नर्मदा विलास सावे, शेजारी, आचोळे
२. रिद्धी हेमंत ठाकूर, मनवेलपाडा, विरार पूर्व