तलावावरची पाल

रविवार, ११ नोव्हेंबर
घसा बसला, लुगड्याचा काठ चिखलात गेला, पण मजा आली. तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत होती, आणि भोंग्यावर मी! दाजीसाहेबांनीच (पुढे दा.सा. लिहीन, हात दुखतो) बोलावलं. ह्यांचे जुने दोस्त, आता क्लबाचे सेक्रेटरी. म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे घड्याळ आहे, झेंडे आहेत, आवाज नाही. तुम्ही दूधवाल्याला हाक मारता ती आमच्या गल्लीत येते. काम फुकटचं, पण चहा मिळेल." म्हटलं, साखर घालणार असाल तर येते.

आधी होड्यांना नारळ फोडला. एक बाई कानात म्हणाल्या, तुम्ही जरा मागेच थांबा हं. थांबले. विधवेनं पुढे यायचं नाही, ठीक आहे. पण मग होड्या कोणाच्या हाकेवर सुटल्या?

आमचा वरचा भाडेकरू मधुकर पण होता होडीत! इतके महिने बोलला नाही लबाड.

बुधवार, १४
म. ची भोपाळला बदली. नवं राज्य झाल्यापासून अर्धं इंदूर दफ्तरं बांधून तिकडेच निघालंय. महिनाअखेर जाणार. वाटलं रडेल, तर उलटंच. "काकू, तिथला तलाव केवढा मोठा आहे! ह्या दोन रविवारी नीट चालवली तर दाजीसाहेब तिथल्या क्लबात माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत."

टाको बाबा. ऑफिसात ह्याला कोणी विचारत नाही. साताऱ्याकडचा, हिंदी बोलायला गेला की सगळे खी खी. होडीत बसला की मात्र मान ताठ.

पहिल्यांदा तलावावर गेला तेव्हाचं आज त्यानंच सांगितलं. कालूभिया नावाडी ओरडला, "बाबूजी, पाल संभालो!" तर हा टुणकन उडी मारून काठावर. हिंदीवाले शिडाला पाल म्हणतात, इथे राहून आम्ही पण तेच म्हणतो. ह्याच्या गावात पाल म्हणजे एकच, भिंतीवरची. तिला तर असा भितो, खोलीत दिसली की बिछाना व्हरांड्यात.

ही भीती कळल्यापासून मी जिन्याखालून ओरडते, "मधूऽऽ, पाल!" की हा धाडधाड खाली. मग दोघं हसतो. म्हणजे जास्त मीच.

रविवार, १८
लिहवत नाही.

म. सगळ्यांच्या पुढे होता. पाण्यातलं खुणेचं शेवटचं पिंप वळून सरळ आमच्या धक्क्याकडे येत होता. तोंडभर हसू. मला काय झालं कोण जाणे. भोंगा हातात, हा समोर. जिन्याखालचाच सूर लागला. "मधूऽऽ, पाल!"

ताडकन उठला. दोरी सुटली. होडी आडवी, आणि हा शिडाखाली. दिसेचना.

कालूभियानं उडी टाकून ओढून काढला. ओठ निळे. पाणी ओकत होता.

आणि वर दा.सा. सगळ्यांना, "वहिनींची नजर बघा! वारा फिरला, पाल फडफडली, ते आपल्या आधी ह्यांना दिसलं. पण पोरगं गडबडलं." लोक वाहवा करत होते. माझ्या चहात साखर जास्त घातली.

प्यायले मी तो चहा. पूर्ण.

सोमवार, १९
म. ला ताप. आल्याचा काढा नेला. डोळे मिटूनच बोलला, "काकू, तुम्ही वेळेवर सांगितलंत, पण मी शिडाकडे बघायचं सोडून खांद्याकडे बघितलं. मूर्खच मी."

मी पातेलं घासायला उठले. पातेलं स्वच्छ होतं.

हे म्हणायचे, तुझी थट्टा एक दिवस कोणाला तरी लागेल. मी म्हणायची, तुम्हाला लागली का? असं कसं बोलायची मी.

गुरुवार, २२
ताप उतरला. दा.सा. आले होते. "रविवारी ये रे, नाहीतर भोपाळला काय सांगू?"
"काहीच नका सांगू. पाणी माझं काम नाही."
मान परत ऑफिसातल्यासारखी, खाली.

दा.सा. जाताना मला म्हणतात, "वहिनी, तुमचं ऐकतो तो, समजवा." माझं ऐकलं म्हणूनच तर बुडाला ना!

आणि गंमत अशी की मी खोटं एक अक्षर बोलले नाही. शब्द दोन्हीकडून खरा. कोणी पकडायचंच नाही. देवासमोर सगळं सांगितलं. पण देवाला कुठे भोपाळला जायचंय.

जिन्याखाली चार दिवस गप्प आहे. म. नंच विचारलं, "काकू, बरं नाही का?"

शनिवार, २४
ठरवून वर गेले. भाकरी-ठेचा निमित्ताला. "मधू, त्या दिवशी मी..." एवढं म्हटलं न म्हटलं, भिंतीवर चुकचुकली. खरी. मेली. दोघांच्या तोंडून एकदम "कृष्ण कृष्ण"! आणि हा हसला. ठेचा लागून ठसका येईपर्यंत हसला. पळाला नाही.

मग सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, ठेवलंच मी. इतक्या दिवसांनी हसत होता.

म्हणाला, "येतो उद्या. पण भोंग्यावर तुम्हीच. काही दिसलं की ओरडा. तुमच्या आवाजावर मी डोळे मिटून..."
म्हटलं, डोळे उघडे ठेव रे बाबा.

रविवार, २५, सकाळी
टांगा दारात. लुगडं नेसून झालं, उगीच लिहीत बसलेय.

आत्ता जिन्याखालून हाक आली. सूर हुबेहूब माझा. "काकूऽऽ, पाल!" मी अशी दचकले, दौत कलंडली. वर बघितलं. भिंत कोरी. खिडकीतून वाकले तर म. जिन्याखाली उभा, जोडे हातात, हसतोय.

मग हसणं थांबलं त्याचं. माझ्याकडे बघत राहिला. हळू विचारलं,
"काकू, त्या दिवशी कोणती होती?"

म्हटलं, आले रे, वही ठेवते.

ठेवत नाहीये.