चूळ भरली तरी

लाडक्या ताईस,

तुला हे पोचणार नाही, ठाऊक आहे. तू जाऊन वर्षं लोटली. पण सांगू कुणाला?

फ्रीजमधली लाल आइसकँडी कुणी लंपास केली, की तू आम्हा भावंडांना ओळीत उभं करायचीस. "जीभ काढ! चूळ भर! परत काढ!" रंग उतरला की चोर सापडला. काय तो दरारा!

मागच्या महिन्यात माझ्या नातीची जीभ लालभडक दिसली. मी तुझ्याच आवाजात चूळ भरायला लावली. रंग जराही उतरला नाही. डोळे लाल, ओठ फुटलेले, ताप हटेना. काही आठवड्यांपूर्वी तिला साधा विषाणूचा ताप येऊन गेला होता. "त्याचाच अशक्तपणा," लेक म्हणाला. मी ऐकते होय! तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू जातो, पण क्वचित एखाद्या मुलाच्या शरीराची लढाई थांबतच नाही. सूज हृदयापर्यंत पोचते. बरं झालं, वेळेत आणलंत."

आता ती घरी आहे, खडखडीत बरी. आज फ्रीजपाशी गुपचूप उभी दिसली. जीभ लाल! तिला तशीच बेसिनपाशी नेली. चूळ भरायला लावली.

रंग उतरला, ताई. चोर सापडल्यावर तू कधी रडली होतीस का गं?

तुझी,
दरवेळी पकडली जाणारी धाकटी