बरणीतली चिठ्ठी

११ जून, गुरुवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या आईपेक्षा कमीच. (हे तिला सांगू नकोस.) जावईबापूंनी करून दिलेल्या स्टुलावर पाय ठेवून लिहितोय. जरासुद्धा डगमगत नाही. आमच्या शाळेत चौतीस वर्षांत असं एक बाक मिळालं नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर मी वर्गात उभा असल्यासारखा बोलतो, असं तूच म्हणतेस. म्हणून पत्र. याआधीची दोन फाडून झाली.

तुमच्याकडून आम्ही परत आलो त्याला तीन आठवडे झाले. तुझी आई सांगत होती, तुमची भिंगरी हल्ली गप्प असते. बापाच्या सुतारकामाच्या खोलीत फिरकत नाही. टेबलावरची प्रश्नांची बरणी रिकामीच. तू शाळेचा अर्ज आणलायस आणि सोमवारी भरणार आहेस. 'मीच शिकवायला कमी पडले' म्हणून फोनवर रडलीस म्हणे.

खरं तर मी खूश व्हायला हवं. चार वर्षं माझं एकच पालुपद, घरी शिकवून पोरीला अडाणी ठेवणार आहात. आता मनासारखं होतंय, तर बरं वाटत नाही.

तुमच्याकडे राहिलो त्या महिन्यातलं एक सांगतो. रोज नाश्त्याला भिंगरी बरणीतून आपल्याच प्रश्नाची एक चिठ्ठी काढायची आणि तुम्ही तिघं उत्तर शोधत बसायचात. एकदा निघालं, मुंग्यांना रस्ता कोण दाखवतं? सगळी सकाळ फरशीवर पिठाच्या रेघा ओढण्यात गेली. कपाटाचं विचारायला आलेलं गिऱ्हाईकही तुमच्याबरोबर उकिडवं बसलं. मी वर्तमानपत्राआडून म्हणालो, "काय पोरखेळ चाललाय." ठकू, तो राग नव्हता. मला हेवा वाटत होता. घरात असं हसू असतं हे मला कुणी शिकवलंच नाही, आणि मी तुला दिलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. तू म्हणशील, बाबा कधीपासून आडवळणानं बोलायला लागले.

तुम्ही दोघं कपाट पोचवायला गेलात त्या दिवशी भिंगरी माझ्याजवळ होती. एक चिठ्ठी घेऊन आली. म्हणाली, "हा आईबद्दलचा प्रश्न आहे, म्हणून आईनं सांगितलंय तुम्हालाच विचारायचा." मी वाचली. मला उत्तर येईना. मुख्याध्यापक माणूस, नऊ वर्षांच्या पोरीसमोर निरुत्तर! मी म्हणालो, "आधी माझ्या वीस प्रश्नांची उत्तरं दे. मग सांगतो."

मी तिचा पेपर घेतला. घड्याळ लावून. व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, कारणे द्या. जी पोर फळीवर पेन्सिलनं बरोबर तीन अष्टमांश आखते, तिला मी अपूर्णांकाची व्याख्या विचारली. ती म्हणाली, "फळी आणून दाखवू का?" मी म्हणालो, "जागेवरून उठायचं नाही." वीसपैकी चार. लाल शाईनं लिहिले आणि भोवती गोल केला. सवयीचा हात.

आणि मग, बाळा, तोंडातून निघून गेलं, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

तिला म्हण नवी. तिनं अर्थ विचारला. मी समजावून सांगितला, विहीर, दोरी, बादली, सगळं नीट. माझं शिकवणं चांगलं, तिला लगेच कळलं. म्हणाली, "मग आड म्हणजे आई का?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. मी चष्मा पुसत बसलो.

वर तिला बजावलं, हे आईला सांगायचं नाही. पोर शब्दाला पक्की निघाली. ती तुझ्यापासून लांब राहते ती तुझ्यावर रुसून नाही. आपल्या प्रश्नांनी आईचं अडाणीपण उघडं पडेल म्हणून ती गप्प आहे. तुला सांभाळतेय ती.

तेव्हा अर्ज भरायचा की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. शाळा वाईट नसते, माझा जन्म तिथेच गेला. पण माझ्या करणीची शिक्षा म्हणून तिला पाठवू नकोस. हे पत्र तिला वाचून दाखव. तिनं शब्द मोडला नाही, आजोबांनी मोडला, हेही सांग. पेपर सोबत पाठवतोय. तो चूल पेटवायला वापरलात तरी चालेल.

चिठ्ठी मात्र ठेवून घेतलीय. समोरच आहे. तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय, 'आई माझ्याएवढी असताना काय काय विचारायची?'

तीन आठवडे आठवून बघतोय. तू माझ्याच वर्गात होतीस. तुझा हजेरीक्रमांक सतरा, हे आठवतं. सहामाहीचे मार्क आठवतात. एकदा वही विसरलीस म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो वारही आठवतो. प्रश्न एकही आठवत नाही. घरी काही विचारलंस की मी म्हणायचो, "उद्या वर्गात विचार." वर्गात हात वर केलास की म्हणायचो, "घरी बघू." मग कधीतरी तू विचारायची थांबलीस आणि मला वाटलं, पोरगी हुशार झाली.

एवढंच कर. काय विचारायचीस ते आठवत असेल तर भिंगरीला सांग. आणि जमलं तर मलाही लिहून पाठव, अगदी एक तरी. आता मला वेळ आहे.

उत्तर येत नाही असं पहिल्यांदाच लिहून देणारा,
तुझा
बाबा