ओल ओळखणारी

आष्टा,
पर्युषण संपल्याचा दुसरा दिवस

प्रिय क्रांती,

तुझा फोन मी चार वेळा उचलला नाही. रेंज नव्हती असं सांगणार होते, पण आता खोटं बोलायलाही तोंड राहिलेलं नाही.

लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून आपण गावी आलो, तू पाटणला, मी इकडे. विलायतेतल्या विमा कंपनीचे क्लेम घरून तपासू लागलो आणि टेचात सांगत सुटलो, आता कशाला हवंय पुणं! तुझ्या आबांनी फौजेच्या पेन्शनीतून तुला माडीवर खोली बांधून दिली. जे काम आष्ट्याहून होतं ते कुठूनही होतं, हे आपल्या डोक्यात आलं नाही. साहेबांच्या आलं.

ओल मात्र तुझ्यासारखी कुणालाच कळायची नाही. तिकडच्या भिंतीचा फोटो बघून तू सांगायचीस, ही आत्ता नळ गळाल्याची, ही दोन वर्षांची जुनी, क्लेम खोटा. पाटणच्या पावसात वाढलेल्या पोरीला ते शिकवावं लागलं नव्हतं. मी टिंगल करायचे, आणि फाईल अडली की तुलाच विचारायचे.

ज्येष्ठात साहेबांनी मला सांगितलं, क्रांती ओल कशी ओळखते ते तिच्याकडून वदवून घे, रेकॉर्ड कर. तीन आठवडे तू जीव तोडून इंग्रजीत समजावलंस, बढती मिळणार म्हणून. बढतीचं मीच सांगितलं होतं.

कामावरून काढल्याचं पत्र आलं त्या दिवशी तू मला फोन केलास. वाटलं, रडशील. तू म्हणालीस, “माझं काय बी हुईल. आईला घिऊन तुझं कसं व्हनार गं?” तुला वाटलं, मलाही काढलं. मी तसंच वाटू दिलं.

मला काढलेलं नाही, क्रांती. काम मनिलाला गेलं, आणि तिथल्या पोरींना शिकवायला एकीला ठेवायचं होतं. रेकॉर्डिंगच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला हे सांगितलं. पुढचे दोन आठवडे मी सगळं ठाऊक असून तुला बोलतं ठेवलं. आता रोज तुझाच आवाज त्यांना ऐकवते. मध्येच आबा चहा घेऊन येतात, तू हसतेस. तेवढं कापायला सांगितलंय, मला कापवत नाही. पोरी शिकल्या की माझ्याही हातात नारळ येईल, आणि तेव्हा रडायचा हक्क मला नसेल.

पर्युषण संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर. सकाळपासून सगळ्यांना तेच पाठवलं, तुझं तेवढं राहिलं. तुला ‘नकळत’ कसं लिहू? क्षमा मागायलाच बसले होते, पण मागवत नाही. तू करून टाकशील, याचीच भीती वाटते.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
ब्राह्मी