कोपऱ्यावरची शिट्टी

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राजीखुशीने व अक्कलहुशारीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्या म्हणाल्या, "डोक्याचं लिहून देते, जिभेची हमी नाही." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. राहते घर व मागची कामाची खोली माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावी. घरातले सातही दरवाजे मी स्वतः केलेले असून त्यांतला एकही आपटत नाही. चौकटींना आतून जाड कापडाची पट्टी आहे, ती झिजली की बदलावी. जावयाने रागाच्या भरात दोनदा दार आपटून पाहिले, जमले नाही, शेवटी हसत सुटला. माणूस भला आहे. माझी आरामखुर्ची त्याला द्यावी.

२. घराची एक रीत मोडू नये. येणाऱ्याने कोपऱ्यावरूनच शिट्टी वाजवावी, म्हणजे कोण येते आहे हे आतल्याला कळते व तो दचकत नाही. बायकांनी शिट्टी वाजवू नये असे माझी आत्या म्हणत असे. ती हयात असती तरी तिला मी काही ठेवले नसते.

३. या रीतीचे कारण लिहिणे भाग आहे. वडील कामावरून आले की कडीच्या आवाजावरून मी आणि धाकटा भाऊ ओळखायचो, आज काय होणार. कडी हळू वाजली की जीव भांड्यात पडायचा. दार आपटले की आम्ही जिन्याखाली. मी सात वर्षांची, तो चार. त्याच्या तोंडावर माझा हात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मार रोज नव्हता, कान टवकारून वाट बघणे मात्र रोज होते. तेव्हापासून धाकटा चवड्यांवर चालतो. शिट्टी त्याने आजवर एकदाही वाजवलेली नाही. अडुसष्ट वर्षांचा बाप्या मांजरासारखा मागे येऊन उभा राहतो. लाकूड कोरताना दचकून माझ्या हातून दोनदा पटाशी निसटली आहे.

४. बावन्नाव्या वर्षी माझी छाती दुखू लागली, रक्तदाब उतरेना. डॉक्टरीणबाईंनी सगळे तपासून शेवटी विचारले, "लहानपणी घरात कुणाची भीती वाटायची का?"

"छाती माझी दुखतेय आणि तुम्ही बालपण काय उकरता?"

"लहान वयात रोज भीतीत राहिलेलं शरीर मोठेपणीही पहाऱ्यावर राहू शकतं, बाई. झोप मोडते, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. सगळ्यांचं असं होतंच असं नाही. आणि झालं तरी उपाय आहेत."

मी तिथेच भोकाड पसरले. बाहेर बसलेल्यांना वाटले, मोठे इंजेक्शन दिले. पण माझा स्वभावच किरकिरा आहे असे जन्मभर मानत आले होते, तसे नव्हते हे कळून इतके हलके वाटले की घरी चालत आले. गोळ्या, रोजचे फिरणे आणि दर गुरुवारी समुपदेशकाकडे मनातले बोलणे, याला एकोणीस वर्षे झाली. ही वर्षे मी मजेत घालवली आहेत. शिट्टीची रीतही तेव्हाचीच.

५. माझी सर्व हत्यारे, नऊ रंधे धरून, धाकट्याला मिळावीत, पण एका अटीवर. दोन जिने चढला की तो छाती धरतो आणि "गॅस आहे" म्हणतो. डॉक्टरकडे चल म्हटले की "मला काय धाड भरलीय?" त्याने मी जिवंत असताना डॉक्टरीणबाईंकडे जावे व त्यांच्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. न गेल्यास सर्व हत्यारे समोरच्या कुलुपवाल्याला जातील. या इसमाने माझा गुण्या उसना नेला, वाकडा करून परत दिला आणि "आधीपासून तसाच होता" म्हणाला. काटकोन मोजायचे हत्यार आधीपासून वाकडे! धाकट्याला तो डोळ्यांसमोर चालत नाही, हे मला पक्के माहीत आहे, म्हणूनच ही अट मी त्याला कालच ऐकवली आहे. मृत्युपत्र दबावाखाली करू नये असा नियम आहे. मृत्युपत्राने दबाव टाकू नये असा नाही.

धाकट्या, तू माझ्याआधी जाऊ नकोस. तुझ्या तोंडावर ठेवलेला हात काढायचा माझ्याकडून राहून गेला. आता काढला. बोल.

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. सही.

पुरवणी, त्याच दिवशी. शिंपीणबाई सही करत असताना कोपऱ्यावरून शिट्टी ऐकू आली. सूर कमी, वारा जास्त. लेक माझ्याजवळच बसली होती, जावई कामावर. ही कुणाची, म्हणून आम्ही तिघी दाराकडे बघत राहिलो. धाकटा आत आला. हातात तपासणीचा कागद, डोळे लाल.

"विचारलं त्यांनी," तो म्हणाला.

"मग?"

"सगळं सांगितलं, ताई. जिन्याखालचं पण. पाऊण तास बोलत होतो. परवा पुन्हा बोलावलंय. आणि गॅस नाहीये तो."

सबब कलम पाच रद्द. लाभ घेणाऱ्याने साक्ष देऊ नये, म्हणून हत्यारे आताच त्याच्या हाती दिली आहेत. कुलुपवाल्याने आशा सोडावी.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही.

लिहून देणार: थोरली बहीण. सही.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल. मंगळवार, चौदा ऑक्टोबर.

ता. क. धाकट्याने घरी जाताना दार जोरात ओढून पाहिले. आपटले नाही. मग कोपऱ्यापर्यंत शिट्टी वाजवत गेला.