टोपण कोणी लावले याबद्दल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने जुळारी, म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा, आज माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळेही ठिकाणावर आहेत; उजव्याचा मोतीबिंदू गेल्याच महिन्यात काढला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी म्हणते की बाबांवर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ते तिचे मत म्हणून नोंदवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्याजोगे काही नाही.

कलम १. दोन्ही खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी, घरात जिला ठकी म्हणतात, तिला मिळावे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. न्हाणीघराच्या खिडकीला लावलेला काळा पुठ्ठा तिने काढू नये. मी तिथे फिल्म धुतो म्हणून ती कॉलेजात असताना रोज दार बडवायची. "बाबा, माझी परीक्षा आहे, तुमचा रोल काय पळून जातोय?" आता ती स्वतःच आत जाते आणि मी दार बडवतो.

कलम २. माझी स्टिक, म्हणजे ज्यात खिळे जुळवायचे ती पितळी पट्टी, आणि बारीक चिमटा, हेही ठकीला. चिमटा कॅमेऱ्याच्या स्क्रूला उत्तम चालतो. छापखान्याने माझा डावा अंगठाही वाकडा करून दिला, एका दुपारी जड चौकट त्यावर पडली तेव्हा. पण तो कोणाला देता येत नाही. अंगठ्याचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून इथे केला.

कलम ३. कॅमेरे. हे कसे सुरू झाले ते लिहिल्याशिवाय त्यांची वाटणी कोणाला कळायची नाही.

छापखान्यात संगणक आला आणि आम्हा जुळाऱ्यांना हारतुरे देऊन घरी पाठवले. मी तेव्हा पंचेचाळिशीचा. एका रविवारी जुन्या बाजारात ती स्टिक विकायला गेलो. माझे काम गेले होते, हत्यार ठेवून काय पूजा करायची, असा राग होता. तिथे एका गोणपाटावर इस्त्र्या आणि नळाच्या तोट्यांमध्ये एक जुना कॅमेरा पडला होता. उचलला, डोळ्याला लावला. समोरच्या विजेच्या खांबाच्या जागी दोन खांब दिसले, एक नीट आणि एक पिवळसर, भुतासारखा. मला वाटले बिघडलाय. विकणारी बाई म्हणाली, "अहो, पुढचं कडं फिरवा की." फिरवले. भुताचा खांब सरकत सरकत आला आणि खऱ्या खांबावर बसला. एकच खांब झाला.

आयुष्यभर मी तेच तर करत आलो होतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात एवढीच करामत असते. आपण लेन्समधून बघतच नाही; बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतो, आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळल्या की लेन्सही बरोबर जागी येते. स्टिक न विकता मी घरी आलो, कॅमेरा घेऊन. ठकीची आई तेव्हा होती. ती म्हणाली, "नोकरी गेली आणि हे काय घेऊन आलात?" मी तिचा फोटो काढला. रागातला आहे, पण छान आलाय. तो भिंतीवरून काढू नये.

त्यानंतर बरेच आले आणि गेले. नियम एकच ठेवला: महिन्याभराच्या बाहेरच्या चहाला जितके लागतात तेवढ्यातच कॅमेरा घ्यायचा. मोठा कॅमेरा हवासा वाटला की दोन महिने चहा घरी. कलम चारमधला सोडला तर आज माझ्याकडे तीन आहेत. मधला आणि धाकटा ठकीला. थोरल्याबद्दल कलम सहात.

कलम ४. जुन्या बाजारातला तो दुकानदार, ज्याला सगळे 'हमखास' म्हणतात कारण कोणत्याही प्रश्नाला त्याचे तेच उत्तर असते, त्याने मला एकदा एक कॅमेरा विकला. "शटर चालतं ना?" "हमखास!" घरी येऊन उघडतो तर शटरच्या पडद्याला चिकटपट्टी लावलेली. तो कॅमेरा मी तेवीस वर्षे जपून ठेवला आहे. तो हमखासला, चिकटपट्टीसकट, माझ्या पश्चात परत द्यावा. त्याने विचारले की हे कशासाठी, तर ठकीने फक्त "हमखास" म्हणावे.

कलम ५. ठकीस सूचना, कारण ती आता स्वतः बाजारात जाते आणि दिसेल ते उचलते.

कातडी पिशवीतला कॅमेरा पिशवी न उघडता घेऊ नकोस; नव्या कपड्यातले आजारपण असते ते. पाठचे झाकण उघड, सर्वांत सावकाश वेग लाव आणि कळ दाबून कानाशी धर. घरघर एकसारखी यायला हवी. मध्येच अडखळली तर ठेवून दे. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघ. धूळ असेल तर चिंता नको, धुळीचा फोटो येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर हात जोडून निघ. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज चिकट झालेला असणारच. त्याला घाबरू नकोस, खरवडून काळी लोकर भरायची. उजेड मोजायचा काटा मेलेला असेल तर उलट बरे, भाव उतरतो. उजेड तुला डोळ्याने कळतो, मीच शिकवला आहे. विकणारा "चालू होता" म्हणाला तर 'होता' हा शब्द नीट ऐक.

आणि शेवटची परीक्षा: लांबची पाण्याची टाकी धर. कडे टोकापर्यंत फिरवल्यावर दोन टाक्यांची एक व्हायला हवी. जुन्या कॅमेऱ्याला कधीतरी धक्का बसतो आणि आतला आरसा केसभर हलतो. मग खिडकीत सगळे जुळलेले दिसते, पण फोटो भलत्याच अंतरावर लख्ख येतो. यासारखा फसवा दोष नाही, कारण बघणाऱ्याला पक्की खात्री असते. हे मी आता जास्त अधिकाराने सांगू शकतो.

कलम ६. थोरला कॅमेरा, तोच पहिला, खांबाचा, माझ्या धाकट्या भावाला मिळावा. तो कारखान्यात फिटर होता, पुलापलीकडे राहतो, चालत वीस मिनिटांवर. आम्ही त्याला गुंड्या म्हणतो. सात वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही.

आईचा नव्वदावा वाढदिवस होता. सगळे जमलेले. व्यावसायिक फोटोग्राफर बोलावू म्हणून गुंड्या म्हणाला, तर मी म्हणालो, "मी मेलोय का?" थोरला स्टँडवर लावला, आईला मध्ये बसवले, सेल्फ-टायमर लावून मीही रांगेत जाऊन उभा राहिलो. सहा वेळा. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "झालं का रे? हसून गाल दुखले." चार महिन्यांनी आई गेली. त्यानंतर मी रोल धुतला. आधीचे फोटो आले. ते सहा कोरे.

लेन्सवर टोपण होते. या कॅमेऱ्यांचा हाच घोळ आहे: खिडकीतून सगळे स्वच्छ दिसते, लेन्स बिचारी झाकलेली असते आणि कॅमेरा चकार शब्द काढत नाही. जेवणाच्या वेळी धूळ नको म्हणून कोणीतरी ते लावले होते. माझ्या डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट होते: गुंड्याने लावले. वस्तू झाकून ठेवायची त्याला कारखान्यापासून सवय. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, "आईचा शेवटचा फोटो तू झाकलास." तो म्हणाला, "दादा, मला तसं आठवत नाही." मी म्हणालो, "मला आठवतं." तो उठून गेला, आणि मी त्याला थांबवले नाही.

गेल्या महिन्यात नवा डोळा आला. हौसेने जुने फोटो भिंगाखाली काढून बसलो. त्यात ठकीने त्या दिवशी मधल्या कॅमेऱ्यावर काढलेला एक वाया गेलेला फोटो होता. मधल्याचा आरसा तेव्हा हललेला होता. ठकीने आजीवर बरोबर जुळवले, पण आजी धूसर आली आणि तिच्यामागचे टेबल लख्ख आले. आईशेजारी खुर्चीवर गुंड्या बसला आहे, दोन्ही हातांनी तिचा चष्मा पुसतोय, तोही धूसर. मागे टेबलाशी थोरला कॅमेरा आहे, आणि एक हात त्याच्या लेन्सवर टोपण बसवतो आहे.

त्या हाताचा अंगठा वाकडा आहे.

तेव्हा मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो की टोपण मीच लावले. गुंड्याने मला क्षमा करावी, आणि कॅमेरा घ्यावा.

कलम ७. इथवर लिहून मी हा कागद खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "काका, हे मृत्युपत्र आहे की माफीपत्र?"

"दोन्ही. कागद वाचेल."

"दोन साक्षीदार लागतील. एक कोपऱ्यावरचा औषधवाला चालेल. दुसरा कोण? तुम्हाला नीट ओळखणारा, विश्वासाचा."

मी विचार न करता म्हणालो, "गुंड्या."

"त्याला तुम्ही कॅमेरा दिलाय. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, नाहीतर ते देणं बाद होतं. एक काहीतरी निवडा. साक्षीला बोलवायचं असेल तर कॅमेरा असा मेल्यावर नका देऊ. हातात नेऊन द्या."

"आणि त्याने दार लावून घेतलं तर?"

"मग परत या, मी दुसरा साक्षीदार शोधते. पण माफी मागायला मरायची वाट कशाला बघताय? समोरच्याला उत्तर द्यायची सोय नको का?"

मला त्यांचा रागच आला. एवढी वर्षे मला कोणी असे धारेवर धरले नव्हते. दोन दिवस रागात काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा, भिंग आणि फोटो पिशवीत घालून पूल ओलांडला.

दार त्यानेच उघडले. केस सगळे पांढरे. मला बघून त्याचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

सात वर्षांनी मी दारात म्हणजे कोणीतरी गेलेच असणार, असे त्याला वाटले. "कोणी नाही रे," मी म्हणालो, "जायच्या आधी आलोय."

आत बसलो. मी फोटो त्याच्यासमोर ठेवला, भिंग दिले. बोलायचे पाठ करून गेलो होतो, सगळे विसरलो. त्याने बराच वेळ बघितले.

"हा हात तुझा," तो म्हणाला.

"हो. गुंड्या, टोपण मीच लावलं होतं. चूक माझी, आणि सगळ्यांसमोर बोललो तुला."

मला वाटले आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरे झाले असते. तो भिंग हातातच धरून म्हणाला, "दादा, तू इतक्या खात्रीने म्हणालास ना, की हळूहळू मलाच आठवायला लागलं. टोपण थंड होतं, बोटांना लागलं, असं सगळं. सात वर्षं मी समजतोय की आईचा फोटो मीच घालवला. तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ, म्हणून आलो नाही."

मी त्याच्यावर रागावून बसलो होतो, आणि तो माझी चूक आपली म्हणून सांभाळत होता. मी रडलो, हे इथे नोंदवतो. ठकीने वाचताना गाळू नये. भावजयीने चहा आणला आणि काही न विचारता पुन्हा आत गेली. मग गुंड्या त्या धूसर फोटोकडे बघत म्हणाला, "आई हसतेय बघ. धूसर आहे, पण गालावरून कळतं." आम्ही त्याची मोठी प्रत काढायची ठरवली. दोन्ही घरांत लावणार आहोत.

जाताना त्याने विचारले, "मधल्याचा आरसा नीट केलास का?"

"नाही. मला स्क्रू सापडत नाही."

"आण. फिटर काय मेलाय?"

त्याने तो गेल्या रविवारी बसवून दिला. लांबच्या टाक्या आता एक होतात.

कलम ८. सबब कलम सहा रद्द. थोरला कॅमेरा मी जिवंतपणी, स्वतःच्या हाताने, माझ्या भावाच्या हातात दिलेला आहे आणि त्यावर आता माझा किंवा या मृत्युपत्राचा हक्क नाही. जुळाऱ्याला जुळवलेली ओळ मोडायला जिवावर येते, म्हणून कलम सहा फाडलेले नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. यातील बाकी सर्व कायम. मात्र कलमे चार व पाच अमलात आणण्याची ठकीने घाई करू नये. मी अजून बाजारात जातो, आणि पुढच्या रविवारी गुंड्याही येणार म्हणतो.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही डोळ्यांनी तपासून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. सहीपूर्वी ठकीला मध्ये बसवून, सेल्फ-टायमर लावून सर्वांचा एक फोटो काढला.

ठिकाण: खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: एकोणीस फेब्रुवारी, सकाळी अकरा. उजेड चांगला.

सही: जुळारी

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला. सही माझ्यासमोर झाली. काकांची तब्येत उत्तम आहे, फोटोसाठी तीनदा पळत आले.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, फिटर. सही माझ्यासमोर झाली. फोटोच्या वेळी लेन्सवर टोपण नव्हते. ते माझ्या खिशात होते, मी दोनदा चाचपून पाहिले.