बादली उचलली तेव्हा

फेस शहर, ४ मार्च १९९८

प्रिय शामा हिस, बतूलताईचे सलाम. वि. वि.

चार महिने पत्र नाही, माफ कर. बसताच येत नव्हतं. हेही ओट्याशी उभी राहून लिहितेय. योनीमुखाजवळ ओलावा देणारी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. माझ्या ग्रंथीचं तोंड बुजतं आणि ती लिंबाएवढी सुजते. कोमट पाण्यात बसून झालं, गोळ्या झाल्या, दोनदा चीर देऊन झाली. पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोनच वाटा: ग्रंथी उघडून कडा बाजूच्या कातडीला शिवायच्या, म्हणजे तोंड उघडं राहील, नाहीतर ती समूळ काढायची, पण त्यात रक्त जास्त जातं. चाळिशी उलटली म्हणून तुकडा तपासायलाही पाठवणार. सोबतीला बाईमाणूस हवं. येशील? आमच्या ह्यांना, अब्देलालींना, पाठदुखी एवढंच ठाऊक आहे. कुणाला सांगू नकोस.

लोभ आहेच, तो आता प्रत्यक्ष येऊन दाखव.
बतूल

टँजियर, ११ मार्च

प्रिय ताईस, सलाम वि. वि.

किती गं घुमी तू! शाळेत पोरींना जगाचा इतिहास सांगतेस आणि स्वतःचा चार महिने दडवतेस. माझ्या लीनाची परीक्षा आहे, निघता येत नाही. रागावू नकोस, मावशीला फोन करून तुझ्यासोबत जायला सांगितलंय. हम्मामातल्या राबियाला विचारून लेपही आणते म्हणाली. राबिया तिथल्या न्हाणीघरात सगळ्या गल्लीच्या पाठी घासते, तिला असलं सगळं कळतं म्हणे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
शामा

फेस, २० मार्च

शामास, सलाम.

राबियाला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. सासूबाईही तिच्याकडूनच अंग घासून घेतात. घरी येऊन त्यांनी लेकाला ऐकवलं, की असला रोग घरात बसल्या बसल्या होत नसतो. मी डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणलं, की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अब्देलालींनी कागद वाचला, घडी घातली आणि आपली उशी बैठकीत नेली. मावशी म्हणते, आता तुझ्याबरोबर गेले तर लोक मलाही नावं ठेवतील.

तुला चार कडक शब्द लिहिणार होते. पण सहा वर्षांपूर्वी राबिया शेजारच्या तमूबद्दल असंच कुजबुजली होती. त्या दिवशी हम्मामात तमू माझ्याजवळ बसली, आणि मी बादली उचलून दुसऱ्या कोपऱ्यात गेले. एवढी शिकलेली मी, खरं-खोटंही विचारलं नाही. तिनं पाहिलं. पुन्हा ती तिथं आली नाही.

मंगळवारी ऑपरेशन. कडा शिवायला हो म्हटलंय. माया उरली असेल तेवढी ठेव, लेप पाठवू नकोस.

बतूल

ता. क. उद्याचं काम: तमूचं दार वाजवायचं, आधी माफी मागायची, मग सोबतीला येतेस का विचारायचं.